उंबऱ्यांचे गणित: खान्देशातील लहान गावांच्या अभ्यासाला प्रस्तावना

गाव केवढे, असे खान्देशात कुणा जाणत्याला विचारले तर तो माणसांचा आकडा सांगत नाही, उंबऱ्यांचा सांगतो. "आमना गावमा साठ उंबरा शेतस," एवढे बोलून गिरणाकाठचा म्हातारा गप्प होतो. त्याच्या लेखी प्रश्न संपलेला असतो. माणूस काय, आज आहे, उद्या सुरतेला आहे. उंबरा मात्र जागचा हलत नाही.

त्याच गावात तलाठ्याला विचारा. तो खातेदार मोजतो, आणि त्यातले कितीतरी खातेदार गावात राहत नाहीत, काही तर हयातही नाहीत. ग्रामसेवक नमुना नंबर 8 उघडतो आणि घरपट्टी लागू असलेल्या मिळकती सांगतो. रेशन दुकानदाराकडे कार्डे असतात, अंगणवाडीताईकडे बालके, आशाताईकडे गरोदर बाया, शाळेत पट, आणि निवडणूक आली की मतदारयादी. प्रत्येकाच्या दप्तरात त्याच गावाचा आकार निराळा. यातले खरे कोणते आणि खोटे कोणते, असा वाद घालत बसू नका. कोण कशासाठी मोजतो हे आधी समजून घेतले की निम्मे काम झाले. उरलेले निम्मे काम कसे करायचे, ते या प्रस्तावनेत थोडे दाखवण्याचा विचार आहे.

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या लहान गावांची लोकसंख्या आणि तिची घडण हा आपला विषय. पाचशे-सातशे वस्तीची, कधी दोनशेचीच गावे. मोठ्या आकड्यांच्या मानाने ती चिल्लर. 2011 च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या 42,29,917 आणि धुळ्याची 20,50,862 भरली. त्यात चारशे माणसांच्या गावाने काय फरक पडतो? जिल्ह्याला पडत नाही. पण जिल्ह्याच्या सरासरीत जे दिसत नाही ते चारशेच्या गावात नावानिशी दिसते, आणि म्हणून या अभ्यासाची पद्धतही वेगळी पडते.

आपल्या भागात गणिताची परंपरा जुनी आहे. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटण येथे तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केल्याची नोंद त्यात आहे. 'लीलावती'चा अभ्यास जिथे चालायचा त्या परिसरात आपण माणसे मोजायला निघालो आहोत, तेव्हा एक सोपे उदाहरण सोडवूनच पुढे जाऊ.

समजा, गाव चारशेचे आहे. अशा गावात वर्षाला सहा-सात बाळे जन्मतात. शून्य ते सहा वयाची मुले धरली तर पंचेचाळीसच्या आसपास. त्यात पंचवीस मुलगे आणि वीस मुली निघाल्या, तर हजारी प्रमाण 800 येते. भयंकर वाटते. आता दोन घरांत मुलाऐवजी मुलगी जन्मली असती तर? तेवीस मुलगे, बावीस मुली, आणि प्रमाण 957. दोन पाळण्यांच्या फरकाने गाव बदनामीतून कौतुकात जाते. पंचेचाळीस बाळांत वीसच मुली असणे हे निव्वळ योगायोगानेही वारंवार घडते. म्हणून एकट्या लहान गावाचे बाल-लिंगगुणोत्तर काढून त्यावर लेख लिहिणाऱ्याला मी हात जोडून थांबवतो. पण हाच योगायोग जिल्हाभर सारखा एकाच बाजूला कलत असेल, तर तो योगायोग नव्हे. 2011 मध्ये जळगाव जिल्ह्यात हजार मुलग्यांमागे 850 सुद्धा मुली नव्हत्या. ते कुणाच्या पाळण्याचे नशीब नव्हते, सोनोग्राफीच्या खोलीतले निर्णय होते, आणि केळी-कापसाच्या सधन पट्ट्यातही ते घेतले गेले. जिल्ह्याचा आकडा आपल्याला गुन्हा झाल्याचे सांगतो. लहान गावात तो आकडा काहीच सिद्ध करत नाही, पण तिथे पुढची गोष्ट दिसते: पस्तिशी ओलांडलेले, चार-पाच एकर बागायत असलेले, लग्न न जमलेले तरुण पारावर बसलेले दिसतात. ते टक्क्यांत सांगायची गरजच नसते. नावे घेऊन सांगता येतात.

लहान आकड्यांचा हा घोळ आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यात मोनोवाय नावाचे गाव आहे. तिथे 2010 च्या जनगणनेत लोकसंख्या होती 1. एक वृद्ध बाई, तीच गावची महापौर, तीच ग्रंथपाल, आणि खानावळही तीच चालवणारी. 2020 च्या जनगणनेत ही संख्या 2 छापली गेली. गावात दुसरे कुणी राहायला आले नव्हते. लहान गावांतल्या माणसांची खासगी माहिती उघडी पडू नये म्हणून तिकडच्या जनगणना खात्याने आकड्यांत मुद्दाम थोडी भेसळ केली होती, तिचा हा दुसरा रहिवासी. ही गोष्ट मी वर्गात सांगतो तेव्हा हशा पिकतो. मग मी विचारतो की आपल्या गावात एखाद्या जातीचे एकच घर असेल, तर तक्त्यातला त्या जातीचा आकडा म्हणजे कुणाचे शिक्षण, कुणाचे उत्पन्न? हशा थांबतो. या क्षेत्रात शिरताना ही जाण पहिल्या दिवसापासून हवी: लहान गावात गुप्तता राखणे मोजण्याइतकेच अवघड आहे.

आता थोडे मागे जाऊ. महसुलाच्या जुन्या कागदांत एक शब्द वारंवार भेटतो: बेचिराख. चिराग म्हणजे दिवा. ज्या गावात दिवा लागत नाही ते बेचिराख. शिवार आहे, सीमा आहे, नकाशावर नाव आहे, वस्ती नाही. आजही काही गावांच्या नावांपुढे तो शेरा दिसतो. अठराव्या शतकाची अखेर आणि एकोणिसाव्याची सुरुवात खान्देशाला फार वाईट गेली. होळकर-शिंद्यांच्या लढाया, पेंढाऱ्यांच्या धाडी, 1803-04 चा दुष्काळ. 1818 मध्ये इंग्रजी अंमल आला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज इथला कारभार पाहू लागला, तेव्हा शेकड्यांनी गावे ओस पडलेली होती. डोंगरातल्या भिल्लांशी लढाई आणि तह दोन्ही चालू होते. 1825 मध्ये जेम्स आउट्रॅमने भिल्ल पलटण उभी केली, तिचे ठाणे धरणगावी होते.

हे मी इतिहासाच्या हौसेने सांगत नाही. आजच्या खान्देशी गावाची घडण समजायला हे लागतेच. देशावरच्या पुष्कळ गावांत मूळ पुरुषाची, आद्य वतनदाराची गोष्ट फार मागे जाते. इथली कितीतरी गावे ओसाड पडून पुन्हा वसलेली आहेत. जमीन होती, माणसे नव्हती, म्हणून माणसे येत गेली: गुजरातेकडून, नेमाडातून, वऱ्हाडातून, देशावरून. कुणी सारामाफीच्या, कमी धाऱ्याच्या आशेने आले, कुणी दुष्काळाने हाकलले म्हणून आले. 1872 ला खान्देशाची लोकसंख्या दहा लाखांच्या थोडी वर होती, 1881 ला ती बारा लाखांच्या वर गेली. मधल्या 1876-78 च्या दुष्काळाने नगर, पुणे, सोलापूर हे जिल्हे घटले होते. तिकडची वजाबाकी आणि इकडची बेरीज यांचा काहीतरी संबंध असणार, हे उघड आहे. पुढे 1899-1900 च्या छपन्नाच्या दुष्काळाने खान्देशालाही सोडले नाही. 1901 ची मोजणी 1891 पेक्षा कमी भरली.

म्हणून खान्देशातल्या लहान गावात फिरताना गल्ल्यांना आडनावांच्या क्रमाने वाचावे. गढीच्या अंगाला पाटलांची धाब्याची घरे. ते पाटील कोणते, मराठा-कुणबी की लेवा की गुजर की रजपूत, यावरून तालुका ओळखता येतो. रावेर-यावलकडे लेवा आणि गुजर, तावडी पट्ट्यात निराळी सरमिसळ, शिंदखेडा-दोंडाईच्याकडे रजपूत. मारुतीच्या पारापलीकडे माळी, कोळी, एखादे न्हाव्याचे, परटाचे, सुताराचे घर. बारी समाजाची घरे असतील तर पानमळ्याची आठवण निघतेच. गावाच्या कडेला भिल्लांची वस्ती, भिलाटी. जुन्या कागदात जिला महारवाडा म्हटले ती वस्ती, आता बुद्धविहाराभोवतीची. एखादे पिंजाऱ्याचे, मण्याराचे घर. सातपुड्याच्या पायथ्याला तडवी, वर पावरा. साक्रीच्या पश्चिमेला कोकणा आणि मावची. डोंगरउतारावर वंजारी गाव किंवा बंजारा तांडा. कुणाचे घर गावठाणाच्या आत, कुणाचे बाहेर, कुणाचे पाणी कोणत्या विहिरीवर होते, हे सारे लोकसंख्येच्या घडणीतच येते. जातींची यादी म्हणजे घडण नव्हे. कोण आधी आले, कोण नंतर, कुणाला जमीन मिळाली आणि कुणाला नुसती जागल, हा त्या यादीचा अर्थ आहे. इथल्या गावांत जागल्याचे काम पुष्कळदा भिल्लाकडे असायचे. एकेकाळी ज्याचे अख्खे रान होते तो रात्री दुसऱ्याच्या पिकाची राखण करू लागला. जनगणनेच्या तक्त्यात ही गोष्ट 'शेतमजूर' या रकान्यात एका आकड्याने येते.

या विषयावरचा पहिला मोठा ऐवज म्हणजे 1880 चे खान्देश गॅझेटियर, मुंबई इलाख्याच्या मालेतला बारावा खंड. तो जरूर वाचा, पण जपून वाचा. जातीमागून जात घेऊन तिच्या स्वभावाचा एका ओळीत निकाल लावण्याची त्या लेखकांची खोड आहे. कुणी कष्टाळू, कुणी आळशी, कुणी दारूबाज. राज्य करणाऱ्याला माणसे कप्प्यांत हवी होती. तरीही शेती, सावकारी, बाजार, गावकामगार यांची त्यातली बारीक माहिती दुसरीकडे मिळत नाही. मराठीत त्र्यंबक नारायण आत्र्यांचा 'गावगाडा' 1915 मध्ये आला. तो खान्देशाचा नाही, पण महसूल खात्यात राहिलेल्या माणसाने आतून पाहिलेले गाव त्यात आहे. दोनच वर्षांनी हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या एकाच गावाची पाहणी छापली. 1771 मध्ये तिथे सरासरी धारणक्षेत्र चाळीस एकरांचे होते, ते 1914-15 पर्यंत सात एकरांवर आले, हे त्यांनी दप्तरांतून दाखवून दिले. पिंपळे सौदागर आज पिंपरी-चिंचवडच्या उंच इमारतींत हरवले आहे. गाव संपले तरी अभ्यास उरतो, एवढा दिलासा आपल्या धंद्याला आहे. आपल्या खान्देशात धुळ्याला इतिहासकार राजवाड्यांच्या नावाचे संशोधन मंडळ 1927 पासून आहे. जुने कागद वाचायची सवय तिथे लावून घेता येईल, आणि त्यासाठी मोडी शिकावी लागेल. ती शिकायला वाटते तितकी अवघड नाही.

कागदांपैकी मला सर्वांत प्रिय आहे कोतवाल बुक. गावात कोण जन्मले, कोण मेले, हे कोतवालाने सांगायचे आणि ते गाव नमुना 14 मध्ये उतरायचे. बापाचे नाव, जात, तारीख, आणि मृत्यू असेल तर कारण. कारणांचा रकाना वाचताना हात थांबतो. ताप, पटकी, देवी, प्लेग. 1918 च्या नोंदी जिथे शाबूत आहेत तिथे पानेच्या पाने 'ताप' भरलेला दिसतो. तो इन्फ्लुएंझा होता, पण लिहिणाऱ्याला ते नाव माहीत नव्हते. याच जोडीला शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर. कोणत्या घरातले पहिले मूल कोणत्या वर्षी शाळेत आले आणि कोणत्या इयत्तेत 'सबब: घरकाम' म्हणून गेले, ते तिथे कळते. 2023 नंतर या जुन्या दप्तरांना अचानक भाव आला. कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि तहसीलच्या अभिलेख कक्षांत कधी नव्हे ती वर्दळ सुरू झाली. अभ्यासकाला त्यात एक आनंद आहे आणि एक धास्ती. आनंद असा की कागद झटकले गेले, स्कॅन झाले. धास्ती अशी की हाताळून हाताळून त्यांच्या कडा झडताहेत.

कागदातल्या जातीच्या रकान्याबद्दल आणखी थोडे सांगायला हवे, कारण नवा अभ्यासक इथेच घसरतो. महाराष्ट्रात 1971 ला अनुसूचित जमातींची लोकसंख्या साडेएकोणतीस लाख होती, 1981 ला ती सत्तावन्न लाखांच्या वर गेली. दहा वर्षांत कोणत्याही समाजात इतकी बाळे जन्मत नाहीत. मध्ये 1976 चा कायदा झाला होता. अमुक तालुक्यात राहणाराच त्या जमातीचा, ही क्षेत्रमर्यादा त्याने काढली. जे आधी होते पण धरले जात नव्हते ते धरले गेले, आणि नावातल्या साम्यामुळे काही दावेही वाढले. खान्देशातल्या कोळी दाखल्यांचा वाद त्याच काळापासून तापलेला आहे. उलटे उदाहरण बौद्धांचे. 1956 च्या धर्मांतरानंतर ज्यांनी जनगणनेत बौद्ध सांगितले ते अनुसूचित जातीच्या आकड्यातून बाहेर पडले. 1990 च्या दुरुस्तीनंतरच ते पुन्हा आत आले. भिलाटीत किंवा विहाराजवळ एकही माणूस हललेला नसताना गावाची 'घडण' कागदावर दोनदा बदलली. 2011 मध्ये धुळे जिल्ह्यात तिनांत जवळपास एक माणूस अनुसूचित जमातीचा होता, जळगावात सातांत एक. हे आकडे वापरा, पण त्यांच्या मागचे कायदे माहीत करून घेऊन वापरा.

भाषेचेही तसेच. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाने खान्देशीला, अहिराणी जिच्यात मोडते तिला, भिल्ली बोल्यांच्या शेजारी बसवले, मराठीच्या खंडात नाही. तेव्हापासून तिची मोजणी वेगळी होते. 2001 मध्ये खान्देशी ही मातृभाषा सांगणारे वीस लाखांवर होते, 2011 मध्ये ते साडेअठरा लाखांच्या आसपास आले. अहिराणी बोलणारी माणसे काही दोनेक लाखांनी मेली नाहीत. प्रगणकाने विचारले, मातृभाषा कोणती? पोराने आईच्या आधी उत्तर दिले, मराठी. प्रगणक गुरुजीही बहुधा तेच लिहून मोकळे झाले असतील. लेवा बोलीला तर वेगळा रकानाही मिळत नाही, आणि तिच्यात आसोद्याच्या बहिणाबाईंनी काय करून ठेवले ते सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. तुम्ही घरोघर जाल तेव्हा भाषेचा प्रश्न एकदा विचारून थांबू नका. चुलीपाशी कोणती, बाजारात कोणती, शेजारच्या भिलाटीशी कोणती, सुरतेहून फोन आला की कोणती, असे चार प्रश्न करा.

सुरतेचा उल्लेख आला, तर आता मोजण्याच्या दिवसाकडे वळू. मला विचाराल तर खान्देशाच्या लोकसंख्येतला सर्वांत मोठा प्रश्न 'किती' हा नसून 'केव्हा' हा आहे. आपली जनगणना फेब्रुवारीत होते. 2011 मध्ये 9 ते 28 फेब्रुवारी. जो माणूस या सबंध काळात गावाबाहेर आहे तो त्या गावात धरायचा नाही, जिथे असेल तिथे धरायचा, असा नियम. आता फेब्रुवारी म्हणजे ऊसतोडीचा ऐन हंगाम. चाळीसगाव, पारोळा, साक्री, शिरपूर या भागांतून कोयता घेऊन निघालेली भिल्ल, वंजारी, बंजारा कुटुंबे तेव्हा पश्चिम महाराष्ट्रातल्या नाहीतर दक्षिण गुजरातेतल्या कारखान्यांच्या फडावर, कोपीत असतात. तांड्यावर म्हातारी माणसे आणि शेळ्या. म्हणजे तांड्याची लोकसंख्या अशा दिवशी मोजली जाते ज्या दिवशी तांडा तांड्यात नसतो. फडावर त्यांना कुणी मोजलेच, तर ती दुसऱ्याच जिल्ह्याच्या खात्यावर जातात.

याच गावात आखाजीला या. अक्षय्य तृतीयेला आम्ही खान्देशात आखाजी म्हणतो आणि दिवाळीपेक्षा तिचे कौतुक जास्त. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, गौराई बसते. वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या सालदाराचे साल याच सुमाराला संपते आणि नवे ठरते, त्यामुळे सालदारांची कुटुंबे एका गावातून दुसऱ्या गावात बिऱ्हाड हलवतात. ऊसतोडवाले परतलेले असतात. सुरतेच्या उधना-लिंबायतहून, नाशकाच्या अंबड-सातपूरहून, पुण्याहून पोरे आलेली असतात. फेब्रुवारीत चारशेचे वाटलेले गाव वैशाखात सहाशेचे वाटते. यातले कोणते गाव खरे मानायचे?

सुरतेकडची वाट तशी फार जुनी नाही. सुरतेहून नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा करत अमळनेरला येणारी ताप्ती व्हॅली रेल्वे विसाव्या शतकाच्या तोंडाशी सुरू झाली. ती कापसासाठी आली. आधी त्या गाडीने गाठी गेल्या, मग माणसे. यंत्रमाग आणि साड्यांच्या धंद्याने सुरत फुगत गेली तशी तापी-पांझरेच्या काठची गावे रिकामी होत गेली. आज सुरतेत अहिराणी ऐकायला कान लावावा लागत नाही. काही गावांचे तर खरे गावठाण सुरतेत आणि शिवार तेवढे इकडे, अशी अवस्था आहे. अशा गावाचा अभ्यास करणाऱ्याने रेल्वेचे तिकीट काढून दुसरे निम्मे गावही मोजून यावे, नाहीतर अभ्यास अर्धा.

येण्याजाण्याच्या या गोष्टीत बायकांना आपण विसरतो. कोणत्याही लहान गावात विचारा, गावचे मूळचे कोण? पुरुष पुढे येतात. पण सोयरीक गावाबाहेर करायची रीत असल्यामुळे गावातल्या बहुतेक सुना दुसऱ्या गावी जन्मलेल्या असतात, आणि गावात जन्मलेल्या लेकी दुसरीकडे नांदत असतात. प्रौढ माणसांपैकी जवळपास निम्मी माणसे, म्हणजे बायका, स्थलांतरित. देशभरातल्या स्थलांतराच्या तक्त्यांतही सर्वांत मोठा गट लग्नाने गाव बदललेल्या बायकांचाच असतो. म्हणून मी विद्यार्थ्यांना एक नकाशा काढायला सांगतो: गावातल्या प्रत्येक सुनेचे माहेर ठिपक्याने दाखवा. वीस-पंचवीस कोसांचे एक वर्तुळ उमटते. जुन्या सासवांचे वर्तुळ लहान, नव्या सुनांचे मोठे. आणि अलीकडे काही ठिपके एकदम लांब, वर्तुळाच्या पार बाहेर, दुसऱ्या राज्यात जातात. वर सांगितलेल्या पारावरच्या तरुणांपैकी ज्यांची लग्ने दलालामार्फत जमली, त्यांची ही घरे. तिथे प्रश्न विचारताना आवाज खाली ठेवा. ती मुलगी तुमची भाषा शिकते आहे, आणि तिच्या वतीने उत्तर द्यायला सासू शेजारीच बसलेली आहे.

वयाचे प्रश्नही असेच सबुरीने घ्यावे. साठीपुढची माणसे साठ, पासष्ट, सत्तर अशीच वये सांगतात; त्रेसष्ट वर्षांचा म्हातारा मला अजून भेटायचा आहे. त्यापेक्षा विचारा, बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही खडी फोडायला गेला होतात का? इंदिरा गांधी गेल्या तेव्हा तुमचे थोरले पोर केवढे होते? वय आपोआप हाताला लागते. कुटुंब कोणते, हे ठरवायला चूल पाहा. एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब, ही जनगणनेची व्याख्या आपल्या लोकांनाही पटणारी आहे. मात्र रेशनकार्डासाठी चूल कागदावर वेगळी झालेली असते आणि भाकरी एकाच तव्यावर भाजली जात असते, तेव्हा खरे कोणते ते नाकाने ओळखायचे.

हा सगळा खटाटोप का, असे कुणी विचारील. कारण लहान गावाचे पुष्कळसे भवितव्य एका आकड्याच्या अलीकडे-पलीकडे असण्यावर ठरते. लोकसंख्या पंधराशेपर्यंत असली तर ग्रामपंचायतीत सात सदस्य. त्याहून फार लहान गावे दोन-तीन मिळून गट ग्रामपंचायतीत जातात. हजार वस्तीला एक आशा. पाच हजारांना एक उपकेंद्र, आदिवासी भागात तीन हजारांना. दीडशे ते चारशेला मिनी अंगणवाडी असायची. शाळेचा पट विसाच्या खाली गेला की शाळा राहील की जाईल याची चर्चा सुरू. महाराष्ट्राचा एकूण जननदर 2019-21 च्या पाहणीत 1.7 वर आलेला आहे, म्हणजे असे पट आता भरायचे नाहीत. राखीव प्रभागाची गोष्ट तर ऐकण्यासारखी असते. सोडत निघते आणि कळते की त्या प्रवर्गाचे गावात एकच घर आहे. ते घर रातोरात महत्त्वाचे होते, किंवा जागा रिकामी राहते. हजार-दोन हजार घरांच्या गावात आकडा म्हणजे धोरण. साठ उंबऱ्यांत आकडा म्हणजे अमक्याचे घर.

आकड्याने लहान असलेले गाव खालावलेलेच असते असे मात्र समजू नका. साक्री तालुक्यात पिंपळनेरच्या पश्चिमेला बारीपाडा आहे. शंभराच्या आसपास उंबरे, बहुतेक वस्ती कोकणांची. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून या पाड्याने स्वतःचे नियम करून तोडलेले जंगल पुन्हा राखायला घेतले. पाणी आले, दुसरे पीक आले, मजुरीसाठी बाहेर जाणे ओसरले. पावसाळ्यात तिथे रानभाज्यांची पाककला स्पर्धा भरते आणि लांबून लोक ती पाहायला जातात. हे काम उभे करणाऱ्या चैत्राम पवारांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली. लोकसंख्येच्या अभ्यासकाने तिथे जाऊन जंगल पाहावेच, पण दप्तरही पाहावे. ज्या वयाची माणसे शेजारच्या पाड्यांत फेब्रुवारीत दिसत नाहीत, ती इथे घरी का असतात? वीस ते चाळीस वयाच्या रकान्यात पडणारे खिंडार पाण्याने बुजते का? एका गावावरून सिद्धांत मांडता येत नाही, हे मीच वर सांगितले आहे. तरी प्रश्न विचारण्याला अडचण नाही.

2021 ची जनगणना कोविडने राहिली. आता 1 मार्च 2027 ही संदर्भतारीख ठरली आहे आणि 1931 नंतर प्रथमच सगळ्यांची जात नोंदली जाणार आहे. प्रगणकाच्या हातात कागदाऐवजी मोबाइल असेल. तुमच्यापैकी काही जण कदाचित स्वतःच प्रगणक म्हणून फिराल. सरकारी काम सरकारी नियमाने चोख करा. त्यानंतर, सुट्टीच्या दिवशी, एक साधी वही घेऊन तुमच्याच गावी पुन्हा जा, आणि आखाजीला तिसऱ्यांदा जा. तीन याद्या शेजारी शेजारी ठेवल्या की तुमचा अभ्यास सुरू झालेला असेल.

असाच एकदा मी तापीकाठच्या एका गावात घरे टिपत होतो. एका घराला कुलूप होते. ओट्यावर धूळ, पन्हाळ निखळलेली. वहीत 'बंद' लिहून पुढे निघालो, तर शेजारणीने हाक मारली. घरातली माणसे कित्येक वर्षांपासून लिंबायतला आहेत, किल्ली तिच्या कमरेला आहे, दिवाळीला उंबऱ्यावर पणती तीच लावते, असे तिने सांगितले. मग माझ्या वहीकडे बोट दाखवून तिने अहिराणीत विचारले, हे घर धरले ना तुम्ही? मी बंद म्हणून लिहिले आहे म्हटल्यावर ती म्हणाली, मग मोजा पुन्हा पहिल्यापासून, तुमचे एकोणसाठच भरतील.